कमी धावलेली फेरारी विकताना

‘गाडी जेमतेम 9 हजार किलोमीटर धावलीय, इंजिनाला हातसुद्धा लावावा लागला नाही.’ जुनी इटालियन स्पोर्ट्स कार विकणारा हे अभिमानाने सांगतो आणि जाणकार गिऱ्हाईक तिथेच मनातल्या मनात किंमत उतरवतं.

फेरारी 360 मोडेनाच घ्या. ही गाडी 1999 मध्ये आली. सीटांच्या मागे 3.6 लिटरचं व्ही-8 इंजिन, 400 अश्वशक्ती. या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ सांभाळतो तो टायमिंग बेल्ट, आणि बेल्ट वयानेही खराब होतो. म्हणून तो बदलण्याची मुदत वर्षांत मोजतात, साधारण दर 3 वर्षांनी. गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली तरी ती मुदत संपतेच. बेल्ट तुटला, की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनाची वाट लागते. ऑइल सील, रबरी नळ्या, टाकीतलं पेट्रोल यांचंही तेच. टायरवर दाट नक्षी शिल्लक आहे म्हणून तो चांगला, असंही नाही. बाजूवरचे चार आकडे पाहा: 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. असे टायर दाखवून ‘नव्यासारखी’ म्हणणं धाडसाचं आहे.

बेल्टसाठी प्रत्येक फेरारीचं इंजिन खाली उतरवावं लागतं, हा दुसरा समज. गिऱ्हाईक त्याच्या जोरावर भाव पाडून मागतं, तेव्हा विकणाऱ्याला उत्तर ठाऊक हवं. 360 च्या आधीच्या एफ-355 बाबतीत ते खरं आहे. 360 मध्ये सीटांमागचं झाकण काढून काम होतं. पुढच्या एफ-430 मध्ये तर बेल्टच नाही, चेन आहे.

आतली बटणं चिकट झालीत म्हणजे गाडी हयगयीने वापरली, असंही वाटतं. त्या काळच्या फेरारींमधल्या प्लॅस्टिकवरचा मऊ लेप वयाने आणि उष्णतेने चिकट होतो. ते सर्वांना माहीत असलेलं दुखणं आहे आणि दुरुस्तही होतं. क्लचचं मात्र तसं नाही. स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणाऱ्या एफ-1 गिअरबॉक्सचा क्लच रिव्हर्स घेताना आणि रहदारीत सरकताना झपाट्याने झिजतो. कमी किलोमीटरमध्येही संपू शकतो. किती झिजला, ते टेस्टर जोडून कळतं. विकणाऱ्याने तो आकडा आधीच काढून ठेवावा. (हाताने गिअर टाकायच्या 360 ला आज जास्त भाव आहे, हेही लक्षात असू द्या.)

ओडोमीटरच्या आकड्याला एकट्याने पुराव्याची किंमत नाही. दर सर्व्हिसच्या पावतीवर तारखेसोबत लिहिलेलं रीडिंग क्रमाने वाढत गेलेलं दिसलं, तरच त्यावर विश्वास बसतो. कागदांवरच्या नावाचंही वजन असतं. आपल्याकडची सर्वांत गाजलेली 360 मोडेना सचिन तेंडुलकरची. ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल 2002 मध्ये फियाटतर्फे मायकेल शूमाखरच्या हस्ते ती त्याला मिळाली. 2011 मध्ये ती विकली गेली, तेव्हा चर्चा किलोमीटरची नव्हती, मालकाची होती.

‘गिऱ्हाइकाचा मेकॅनिक गाडी उघडू लागला तर खोट काढेल’ ही भीती उलटीच अंगाशी येते. झाकली मूठ इथे सव्वा लाखाची राहत नाही. तपासणी नाकारली की बेल्ट, क्लच आणि टायर या तिन्हींचा खर्च गिऱ्हाईक स्वतःच गृहीत धरतं, तोही चढा. तेव्हा जाहिरात देण्याआधी बेल्ट बदला, पावती फाइलला लावा आणि दोन्ही चाव्या, टूलकिट व सर्व्हिस बुक शोधून ठेवा.