सत्तेच्याच साच्यातून सत्तेची टर

प्रचारचित्रांची ढब उचलून सत्तेची टर उडवणाऱ्या छापील भित्तिचित्रांवर एक आक्षेप ठरलेला असतो : शत्रूचा वेश चढवला की त्याची चालही अंगात भिनते. मागे वळून पाहिले तर हा आक्षेप अर्धाच खरा वाटतो. मुळात ही ढब विडंबनाला परकी नव्हतीच. १९१९ ते १९२१ दरम्यान रशियन कवी मायाकोव्हस्की आणि त्याचे सहकारी सोव्हिएत सरकारच्या वृत्तसंस्थेसाठी स्टेन्सिलने चित्रे छापत आणि ती मॉस्कोतील दुकानांच्या खिडक्यांत लागत. भांडवलदारांची त्यांत यथेच्छ टवाळी असे. म्हणजे प्रचार आणि टवाळी तेव्हाच एका चुलीवर शिजत होती. प्रश्न एवढाच, की बोट कोणाकडे रोखले आहे.

मे १९६८ मध्ये फ्रान्समधल्या विद्यार्थी उठावात आणि संपात पॅरिसच्या 'एकोल दे बोझार' या कलाशाळेचा ताबा घेऊन विद्यार्थ्यांनी 'आतेलिए पोप्युलेर' ही कार्यशाळा उघडली. पहिले भित्तिचित्र लिथोवर, म्हणजे शिळाछापावर, निघाले, पण तो वेग संपाला पुरेना. मग स्क्रीन प्रिंटिंग आले. आपल्याकडे लग्नपत्रिका छापतात तेच. चौकटीवर ताणलेली जाळी, नको तिथली छिद्रे बुजवलेली, वरून रबरी पट्टीने ओढलेली शाई. दर रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणून घाईत एकच रंग. छटांची चैन नाही. टोपी आणि नाक एवढ्यावर फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष द गॉल ओळखू यायला हवा. एका चित्रात त्याची काळी आकृती मागून एका तरुणाचे तोंड दाबते. प्रचारचित्रातला उत्तुंग नेता इथेही उत्तुंगच आहे, फक्त त्याचा हात कुठे आहे ते दिसते. चित्रांवर सही नसे. निवड सभेत होई. या सगळ्याचा उपयोग काय, असे विचारणारे ३० जूनचा संसदीय निवडणुकीचा निकाल दाखवतात : द गॉलच्या पक्षाला दणदणीत बहुमत. पण त्या निकालाच्या तीनच दिवस आधी पोलिसांनी ही कार्यशाळा रिकामी करवली. निरुपद्रवी कागदासाठी कोणी एवढी तसदी घेत नाही.

वेशाची खरी कसोटी १९८७ मध्ये युगोस्लाव्हियात लागली. दिवंगत राष्ट्राध्यक्ष टिटोच्या वाढदिवसाला जोडलेल्या युवक दिनाच्या भित्तिचित्र-स्पर्धेसाठी स्लोव्हेनियाच्या 'नोव्ही कोलेक्टिव्हिझम' गटाने रिखार्ड क्लाइनचे १९३६ चे नाझी चित्र जवळजवळ जसेच्या तसे उचलले. झेंडा युगोस्लाव्ह केला, गरुडाच्या जागी कबुतर बसवले. परीक्षकांनी ते पसंत केले! मूळ चित्र उघडकीस आल्यावर गदारोळ उठला. नाझी प्रतिमेला नव्याने प्रतिष्ठा दिली, हा आरोप वरवर रास्त वाटतो. पण ती दिली परीक्षकांनी, आणि विडंबनाचा घाव नेमका तिथेच होता.

आक्षेपाचा खरा अर्धा भाग अमेरिकेत सापडतो. शेपर्ड फेअरीने १९८९ पासून एका कुस्तीगीराचा चेहरा भिंतीभिंतींवर चिकटवला, पुढे त्याखाली आज्ञा पाळण्याचा हुकूम आला. कोणाची आज्ञा, हे मात्र गुलदस्त्यात. नेम नसलेली ही टवाळी टी-शर्टवर सुखाने नांदली. २००८ साली त्याच हाताने, लाल-निळ्या सपाट रंगांत ओबामांचे 'होप' हे निवडणूक-भित्तिचित्र केले. प्रचार म्हणून ते अव्वल होते. टर उडवायला त्यात कोणी उरलेच नव्हते.