आकड्यांत उरलेले शिपाई

२०१४ च्या उन्हाळ्यात लंडनच्या टॉवरभोवतीच्या कोरड्या खंदकात भाजलेल्या मातीची लाल पॉपीची फुले रोवायला सुरुवात झाली. ११ नोव्हेंबरला शेवटचे फूल रोवले गेले तेव्हा त्यांची संख्या ८,८८,२४६ झाली होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींचे जेवढे सैनिक मेले, तेवढी ही फुले. पॉल कमिन्स या मातीकाम करणाऱ्या कलावंताची ही कल्पना आणि टॉम पायपर यांची मांडणी. लाखो माणसे खंदकाच्या कठड्याशी उभी राहून गेली. पुढे एकेक फूल २५ पौंडांना विकून पैसे माजी सैनिकांच्या संस्थांना दिले. युद्धाची शताब्दी म्हटले की जगाला आठवते ते हेच लाल चित्र.

चित्र देखणे होते, पण ते सगळे फ्रान्स-बेल्जियमकडे तोंड करून होते. पॉपीचे फूलच मुळी तिकडच्या रणभूमीचे. आपणही शताब्दी पाळली ती बरीचशी तिकडेच बघून. मार्च २०१५ मध्ये दिल्लीच्या माणेकशॉ सेंटरमध्ये कार्यक्रम झाला, निमित्त नव्ह शापेलच्या लढाईला शंभर वर्षे झाल्याचे. एप्रिलमध्ये पंतप्रधानांनी फ्रान्समधल्या त्याच गावी असलेल्या हिंदी स्मारकाला भेट दिली. हर्बर्ट बेकरने बांधलेल्या त्या वर्तुळाकार स्मारकावर सुमारे ४,७०० नावे कोरलेली आहेत आणि त्यात साध्या शिपायांचीही आहेत. तिथे जाऊन डोके टेकवणे रास्तच. पण हिंदुस्थानातून परदेशी गेलेल्या दहा लाखांहून अधिक माणसांपैकी फ्रान्सला गेली ती दीड लाखाच्या आत. सर्वांत मोठा आकडा मेसोपोटेमियाचा, म्हणजे आजच्या इराकचा. आणि मराठी माणसाचे महायुद्ध प्रामुख्याने तिथेच झाले.

ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबई बंदरातून इराणच्या आखाताकडे जहाजे निघाली. त्यांतली फौज होती सहाव्या पुणे डिव्हिजनची. नाव पुण्याचे असले तरी शिपाई सगळे मराठी नव्हते. नॉरफोक आणि डॉर्सेटचे गोरे होते, पंजाबी, राजपूत होते. पण या डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या पलटणीही होत्या: ११७ वी मराठा, ११० वी आणि १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री. नोव्हेंबरातच बसरा पडले. मग तेलविहिरींच्या रक्षणासाठी आलेली ही फौज बगदादच्या मोहाने वर वर सरकत गेली. बगदादजवळच्या टेसिफॉनला तुर्कांकडून जबर मार खाऊन मागे फिरली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा या तैग्रिसच्या वळणातल्या गावात कोंडली गेली.

हा वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य आटले तेव्हा फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड याने घोडे आणि खेचरे कापायला काढली. गोऱ्यांनी ते मांस खाल्ले, हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारले. परवानगी आहे असे सांगणाऱ्या धर्मगुरूंच्या तारा हिंदुस्थानातून मागवल्या, तरी कित्येकांचा हात पुढे झाला नाही. एखाद्याने मन घट्ट करून खाल्लेच, तर गावी परतल्यावर भावकीत काय होईल, ही धास्ती टाउनशेंडच्या हुकमापेक्षा मोठी होती. दरम्यान अंगे सुकत गेली, स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या स्वाधीन झाली. सेनापती इस्तंबूलजवळच्या बेटावर सन्मानाने राहिला. शिपाई वाळवंटातून पायी हाकले गेले. त्यांतल्या बऱ्याच हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले. हजारो परतले नाहीत.

युद्धाच्या अगदी शेवटी, ऑक्टोबर १९१८ मध्ये, मेसोपोटेमियातल्याच शरकतच्या लढाईत ११४ व्या मराठा पलटणीने २८ शौर्यपदके मिळवली. या पलटणींचा वारसा सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत शरकतचे नाव आजही मानाने घेतले जाते. पलटण विसरत नाही. विसरले ते बाकीचे.

मेसोपोटेमियातल्या ज्या मृतांना थडगे नाही, त्यांच्यासाठी बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक उभे राहिले. चाळीस हजारांहून अधिक माणसांचे. साम्राज्यातल्या युद्धमृतांची थडगी आणि स्मारके सांभाळणाऱ्या युद्धसमाधी आयोगाचे तत्त्व होते की मेल्यावर हुद्दा, धर्म, वर्ण पाहायचा नाही. बसऱ्याच्या भिंतीवर मात्र हिंदी पलटणींच्या खाली गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे, मग सुभेदार-जमादारांची, आणि शेवटी इतर हिंदी शिपाई इतके, असा नुसता आकडा. त्याच दगडावर गोऱ्या पलटणीचा साधा प्रायव्हेट नावानिशी आहे. म्हणजे दगड कमी पडला, ही सबब चालणार नाही. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमावरून हे स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, बत्तीस किलोमीटर दूर नेले. आज कोणी नातू तिथे पोचलाच, तर त्याला आजोबाच्या जागी एक बेरीज दिसेल.

एप्रिल २०२१ मध्ये आयोगाच्याच चौकशी समितीने हा भेदभाव मान्य केला. ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी नोंद झाली नाही किंवा मुळी नोंदच नाही, असे अहवाल सांगतो. यात हिंदी होते, आफ्रिकी होते, इजिप्शियन होते. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली. शताब्दीचे सोहळे तेव्हा आटोपून गेले होते.

दोष साहेबावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या राजकारणाला हे मृत अडचणीचेच होते. टिळकांचा भरतीला सरसकट विरोध नव्हता; स्वराज्य द्या, मग माणसे देऊ, असा त्यांचा सौदा होता. जून १९१८ च्या मुंबईतल्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना बोलू दिले नाही आणि ते उठून निघून आले. वर्षभरात जालियनवाला बाग घडली. ज्या राज्यासाठी गावची पोरे मेली, त्या राज्याविरुद्धच आता लढायचे होते. मग त्यांचे पोवाडे कोण गाणार? दिल्लीच्या इंडिया गेटवर सत्तर हजारांच्या स्मरणार्थ कमान आहे, पण कोरलेली नावे तेरा हजारांच्या आसपास. २०१९ मध्ये शेजारी झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात स्वातंत्र्यानंतरचे हुतात्मे आहेत.

गावांनी मात्र आपल्या परीने काहीतरी राखले. साताऱ्याजवळचे अपशिंगे नावापुढे ‘मिलिटरी’ लावते. पहिल्या महायुद्धात आपले ४६ जण पडले असे गाव सांगते आणि तिथे त्यांचे स्मारक आहे. इतर कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत इंग्रज सरकारने बसवलेली छोटी पाटी सापडते: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. पाटीवर पुन्हा आकडाच.

नावे मुळीच नव्हती असे नाही. मृताच्या घरी ब्राँझची तळहाताएवढी गोल चकती यायची, सिंह आणि ब्रिटानिया असलेली. तिच्यावर हुद्दा न लिहिता फक्त नाव ओतलेले असे. युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठसवलेली असे. पुढे कितीतरी पदके सोनाराकडे गेली, चकत्या मोडीत गेल्या. तरी सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या जुन्या ट्रंकांत अजून काही असतील. तुमच्या घरी असेल तर विकू नका. पदकाची कड भिंग लावून वाचा, नंबर-नाव-पलटण उतरवून घ्या, फोटो काढा, आणि ती माहिती युद्धसमाधी आयोगाकडे व आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पाठवा.