विद्युत मोटर : कार्यतत्त्व आणि दैनंदिन जीवनातील स्थान
(नवी मुंबईतील उपनगरी रेल्वेच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
वाशी स्थानकातून निघणाऱ्या लोकलची चाके फिरविणारे यंत्र आणि वर्गातील पंखा फिरविणारे यंत्र यांचे मूळ तत्त्व एकच आहे. विद्युत ऊर्जेचे यांत्रिक ऊर्जेत रूपांतर करणाऱ्या साधनास विद्युत मोटर असे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिचे कार्य हार्बर मार्गाच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे.

कार्यतत्त्व :
मायकेल फॅरेडे यांनी १८२१ मध्ये विद्युतवाहक तार चुंबकाभोवती सतत फिरवून दाखविली. चुंबकीय क्षेत्रातील विद्युतवाहकावर बल कार्य करते. कुंडलाच्या समोरासमोरील बाजूंतून प्रवाह विरुद्ध दिशांनी वाहत असल्याने त्यांवरील बलेही परस्परविरुद्ध असतात व कुंडल फिरते. अर्ध्या फेरीनंतर ते उलट फिरू नये म्हणून दिष्ट म्हणजेच डीसी मोटरमध्ये दुभंगलेले वलय व कार्बन ब्रश यांच्या साहाय्याने प्रवाहाची दिशा बदलली जाते. प्रवर्तन मोटरमध्ये मात्र प्रत्यावर्ती म्हणजेच एसी प्रवाहामुळे स्थिर भागात फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्यामुळे आतील भागात प्रवाह प्रवर्तित होऊन तो भाग क्षेत्रामागोमाग फिरतो. येथे झिजणाऱ्या ब्रशची आवश्यकता उरत नाही.

हार्बर मार्गाचा अनुभव :
भारतातील पहिली विजेवरील गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तत्कालीन व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर १५०० व्होल्ट दिष्ट दाबावर धावली. १९९२ मध्ये हार्बर मार्ग खाडी ओलांडून वाशीपर्यंत आला. थांबलेल्या दिष्ट मोटरमध्ये विरोधी विद्युतदाब नसल्याने सुरुवातीस ती फार मोठा प्रवाह खेचते. तो रोखण्यासाठी जुन्या गाड्यांत रोधक वापरले जात आणि प्रत्येक स्थानकातून निघताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाई. २०१६ मध्ये हार्बर मार्ग २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबावर आणण्यात आला. त्रिकला प्रवर्तन मोटर असलेल्या गाड्यांत पुरवठ्याची वारंवारता व दाब बदलून वेग नियंत्रित केला जातो. ब्रेक लावताना हीच मोटर जनित्र बनते व वीज तारेकडे परत पाठविते.

दैनंदिन जीवन :
मिक्सर, पाण्याचा पंप, उद्वाहन, शीतकपाट या सर्वांत मोटर आहे. तिच्या निवडीचा परिणाम महाविद्यालयातही दिसतो. नेहमीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर स्थायी चुंबक असलेला ब्रशविरहित पंखा सुमारे ३० वॅट घेतो. २०० पंखे रोज ६ तास चालतात असे मानल्यास ही बचत दिवसाला ५४ युनिट होते.

निष्कर्ष :
मोटरचे तत्त्व दोनशे वर्षांत बदललेले नाही. बदलली आहे ती प्रवाहावर नियंत्रण ठेवण्याची रीत. रेल्वेने जे मोठ्या प्रमाणावर केले, ते महाविद्यालयांना आपल्या वर्गखोल्यांत लहान प्रमाणावर करता येईल. त्यासाठी जुना पंखा बदलताना किमतीबरोबरच त्यावरील वॅटचा आकडाही पाहिला जाणे आवश्यक आहे.