पी५३ आणि आपल्या शेजारचे लेव्हाइन

प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीचं नाव निघालं की आपल्याला आइनस्टाइन आठवतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांना तिथे नेऊन फोटोही काढून होतात. पण वेस्ट विंडसरहून जेमतेम पंधरा मिनिटांवरच्या त्याच आवारात कॅन्सरवरही काम झालंय, आणि त्यात पदार्थविज्ञान-गणितवाल्यांचाही हात आहे, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. त्यामागचं नाव अर्नॉल्ड लेव्हाइन.

१९७९ साली प्रिन्स्टन विद्यापीठात एका विषाणूचा अभ्यास करताना त्यांच्या प्रयोगशाळेला पी५३ हे प्रथिन सापडलं. (त्याच वर्षी इतर काही गटांनाही सापडलं.) पुढची दहा वर्षं समज असा की हेच कॅन्सर घडवतं. प्रत्यक्षात प्रयोगांत वापरलेली जनुकाची प्रतच बिघडलेली होती! १९८९ मध्ये उलगडा झाला: धडधाकट पी५३ उलट कॅन्सर रोखतं. डीएनएला इजा झाली की ते पेशीची वाढ थांबवतं, नाहीतर तिला मरायला लावतं. माणसाच्या सुमारे निम्म्या कॅन्सरांत हे जनुक बिघडलेलं असतं.

मग हा रखवालदार वाढवला तर? हत्तीकडे या जनुकाच्या वीस प्रती आहेत आणि त्याला कॅन्सर क्वचितच होतो. पण माणसात ते सोपं नाही, कारण इथे आम्हा इंजिनिअर लोकांच्या ओळखीचा फीडबॅक लूप आडवा येतो. १९९३ मध्ये लेव्हाइन यांच्या गटाने दाखवलं की पी५३ हे एमडीएम२ नावाचं प्रथिन तयार करवतं, आणि तेच एमडीएम२ पी५३ला आवरतं. घरच्या थर्मोस्टॅटसारखंच. २००४ मध्ये एकेका पेशीवर नजर ठेवली तेव्हा पी५३ ठोक्याठोक्यांनी चढताना-उतरताना दिसलं. इजा जास्त असेल तर ठोके जास्त, पण प्रत्येक ठोक्याची उंची तेवढीच. एकटं प्रथिन कितीही तपासलं तरी हे कळत नाही, सगळं सर्किट मांडावं लागतं. सिस्टिम्स बायॉलॉजी म्हणतात ती हीच. २००४ मध्येच लेव्हाइन इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक झाले. तिथलं सायमन्स सेंटर फॉर सिस्टिम्स बायॉलॉजी त्यांनीच उभं केलं.

एमडीएम२ला अडवून पी५३ मोकळं करणारी औषधं बरीच वर्षं चाचण्यांत आहेत. अडचण अशी की निरोगी पेशींतलं पी५३ही मोकळं होतं आणि रक्तातले प्लेटलेट्स घसरतात. म्हणून डोस किती द्यायचा याइतकंच, मधे किती दिवस थांबायचं यावरही आता संशोधक डोकं चालवताहेत.