उभ्या चौकटीतील कावड

हलत्या चित्राला सेकंदास 24 चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींपुरते धरले, तरी एका मिनिटासाठी 720 चित्रे काढावी लागतात. हा भार टाळण्याचा जुना उपाय म्हणजे आकृती एकदाच रेखून तिचे अवयव सुटे करणे, ते सांध्यांवर जोडणे आणि मग केवळ सांधे फिरविणे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या याच तत्त्वावर चालतात. लोटे रायनिगर या जर्मन कलावतीने 1926 साली पूर्ण केलेला छायाचित्रपटही पुठ्ठा व शिशाचा पातळ पत्रा यांच्या सांधेदार आकृत्यांचाच होता. आज संगणकावर जिला ‘रिग’ म्हणतात ती याच बाहुलीची वंशज होय. सूत्रांच्या जागी आकडे आले, इतकेच.

भ्रमणध्वनीवर पाहावयाच्या उभ्या, मिनिटभराच्या चित्रफितींमुळे या तंत्राला नवी मागणी आली आहे. या फितीची चौकट सामान्यतः 1080 बिंदू रुंद व 1920 बिंदू उंच असते. एवढ्या अरुंद जागेत सांधेदार आकृती काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे पाहण्यास माहूरच्या रेणुकेची कथा फार उपयोगी पडते.

कथा सर्वश्रुत आहे. एका पारड्यात पित्याचा देह व दुसऱ्यात माता अशी कावड खांद्यावर घेऊन परशुराम माहुरास आला. जमदग्नीचे अंत्यसंस्कार तेथे दत्तात्रेयांच्या आचार्यत्वाखाली झाले व रेणुका सती गेली. शोकाकुल पुत्राला आकाशवाणीने सांगितले की, माता भूमीतून प्रकट होईल, परंतु मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही. तो वळला तेव्हा केवळ मुख वर आले होते. तोच माहूरच्या गडावरील तांदळा.

प्रथम कावड घ्यावी. रिगमध्ये प्रत्येक अवयव दुसऱ्या अवयवाच्या अधीन असतो. मांडी हलली की पोटरी हलते, पोटरीबरोबर पाऊल हलते. त्याच न्यायाने दांडी खांद्याच्या अधीन ठेवावी लागते. पारड्यांना मात्र हा नियम जसाच्या तसा लावून चालत नाही. दांडी तिरपी झाली म्हणून पारडे तिरपे होत नाही, ते भाराने सरळ खाली लोंबत राहते. म्हणून पारड्याने दांडीच्या टोकाचे स्थान तेवढे घ्यावे, तिचे वळण घेऊ नये, अशी योजना करावी लागते. शिवाय पाऊल पडल्यानंतर काही चौकटी उशिराने पारडे झोका खाते. हा उशीर राखला नाही तर कावड रिकामी भासते, आणि या कथेत ती रिकामी भासणे म्हणजे कथाच गमावणे होय.

आता रुंदीची अडचण. कावडीची दांडी जवळजवळ पुरुषभर लांब असते. ती आडवी दाखवावयाची, तर दोन्ही पारड्यांसह ती 1080 बिंदूंत बसली पाहिजे. म्हणजे वाहणारा पुरुष चौकटीच्या निम्म्या उंचीचाही उरत नाही. वरची मोकळी जागा माहूरच्या डोंगराला देता येते, हा त्यातल्या त्यात लाभ. दुसरा मार्ग म्हणजे एक पारडे पुढे व एक मागे ठेवून परशुराम पाहणाराच्या दिशेने चालत येतो असे दाखविणे. तसे केल्यास चौकट भरते. परंतु बाजूने रेखलेली आकृती समोरून उपयोगी पडत नाही, तिच्यासाठी दुसरी रिग सिद्ध करावी लागते. घाईने काम करणारे बहुधा पहिलाच मार्ग धरतात आणि पारडी कडेला कापली जातात.

खरी कसोटी यापुढे आहे. चालणे हे सांधेदार आकृतीचे बळ. मान वळविणे हे तिचे वर्म. सपाट तुकडा कितीही फिरविला तरी तो कागदाच्या प्रतलातच फिरतो. नाकाची बाजू बदलून चेहरा दुसरीकडे वळत नाही. परशुरामाची कथा तर सारी त्या एका वळण्यावर तोललेली! येथे सांध्याचा मोह सोडून मस्तकाची निदान तीन-चार स्वतंत्र चित्रे काढावी लागतात : बाजूचे, तिरकस, समोरचे. ती एकामागून एक बदलताना मध्ये डोळ्यांची उघडझाप घातली की उडी जाणवत नाही. वळण्यापूर्वी क्षणभर मान विरुद्ध दिशेला किंचित झुकविली तर मनाची ओढाताणही दिसते. मिनिटाच्या फितीतील सर्वाधिक श्रम या एका सेकंदाला द्यावे लागतात.

राहिले मुख. ते भूमीतून वर येते. पण भ्रमणध्वनीवरील अशा फितीत चौकटीचा खालचा भाग मथळ्याने आणि उजवी कड कळांनी झाकली जाते. भूमीची रेषा नेहमीप्रमाणे तळाशी ठेवल्यास प्रकटीकरणच अक्षरांआड जाईल. म्हणून ती रेषा पुष्कळ वर घ्यावी लागते. कित्येक जण या मुखालाही ओठांचे व भुवयांचे सांधे देऊन बोलते करतात. तंत्राला ते सहज शक्य आहे, परंतु कथेला ते मानवत नाही. माता अर्धीच आली, हा त्या क्षणाचा अर्थ. तिला बोलती केली की ती पूर्ण आल्यासारखी वाटते. तेव्हा मुखाचे एकच चित्र काढावे, त्याला एकही सांधा देऊ नये आणि शेवटच्या तीन सेकंदांत मागची पारडीही स्थिर करावीत.