श्यामचे वडील

‘श्यामची आई’ ज्या घरात कधी वाचली गेली नाही, असे मराठी घर विरळाच. आचार्य अत्र्यांनी 1953 साली तिचा बोलपट काढला, त्याला 1954 मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि वनमालाबाईंची आई व माधव वझे यांचा श्याम घरोघर पोचले. पण श्यामला वडीलही होते. त्यांचे नाव विचारा, भले भले वाचक अडखळतील. गेल्या वर्षी हे पुस्तक शिकवीत असताना निफाडकडच्या एका विद्यार्थिनीने मला सरळच विचारले, “सर, हे वडील पुस्तकभर असतात तरी कुठे?” प्रश्न ऐकून वर्ग हसला. मला मात्र तो हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही.

त्यांचे नाव सदाशिवराव साने. गाव कोकणातले, दापोलीजवळचे पालगड. मुले त्यांना ‘भाऊ’ म्हणत. घराणे खोताचे. आजच्या शहरी वाचकाला खोत म्हणजे काय ते सांगायला हवे. गावचा सारा कुळांकडून गोळा करायचा आणि सरकारात भरायचा, हे त्याचे काम. त्यात त्याचा मान आणि त्याचा लाभही. ही पद्धत कुळांना फार जाचक होती. ती मोडावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले, आणि अखेर 1949 च्या कायद्याने ती गेली. तेव्हा खोत म्हटला की गावाचा लाडका, असे कोणी समजू नये. पण खोतकीचा नुसता डौल उरून हाती काही न राहिलेला माणूस घरात कसा वागला, हे पाहू लागलो की भाऊंविषयी माया वाटल्यावाचून राहत नाही.

आजोबांच्या काळी घर भरलेले होते. भाऊंच्या वाट्याला ओहोटी आली. भाऊबंदकीत राहते घर सोडावे लागले, काही काळ सासुरवाडीच्या आसऱ्याने दिवस काढावे लागले. जावयाने सासऱ्याच्या घरी राहणे म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. श्यामच्या आईलाही माहेरचे ते राहणे बोचू लागले. स्वतःची झोपडी असली तरी चालेल, पण आपली असावी, असा तिने हट्ट धरला, आणि एकेकाळच्या खोताने गवताने शाकारलेले मातीचे लहानसे घर उभे केले. आपण वाचताना आईच्या स्वाभिमानाला नमस्कार करून पुढे जातो. भिंती घालणारा मनुष्य पानाच्या कडेलाच राहतो.

माझ्या मते भाऊ खरे भेटतात ते अळणी भाजीच्या प्रसंगात. आईने केलेल्या भाजीत मीठ घालायचे राहिले. भाऊ जेवायला बसले, पहिल्याच घासाला त्यांना ते कळले असणार. पण ते बोलले नाहीत. उलट आवडीने भाजी खाल्ली. ते गप्प आहेत हे पाहून मुलेही गप्प राहिली. मागाहून आई पानावर बसली, तेव्हा तिला कळले आणि ती चुटपुटली. आता विचार करा. त्या काळचा कोकणातला घरधनी, तोही खोत. भाजी अळणी लागली तर ताट सरकवून उठणारे पुरुष तेव्हा काही थोडे नव्हते. आजही आपल्या चाळींतून आणि ब्लॉकांतून ते सापडतात म्हणे. या मनुष्याने मात्र सकाळपासून राबलेल्या बायकोचे मन राखले, आणि हे करताना आपण काही विशेष करीत आहोत असे मुलांनाही जाणवू दिले नाही. यात आई थोर की वडील थोर, असा प्रश्न खुद्द श्यामलाच पडला होता.

दुसरा प्रसंग दिवाळीचाच. भाऊंचे धोतर फाटलेले. नवे घ्यायला पैसा नाही. भावाकडून आलेली भाऊबीज आईने स्वतःसाठी न खर्चता त्यांच्यासाठी नवे धोतर आणले. हा प्रसंग आईच्या त्यागाचा म्हणून सांगितला जातो, आणि तो आहेच. पण ज्याच्यासाठी बायकोने आपली भाऊबीज मोडावी, त्याने ते प्रेम आधी मिळवलेले असावे लागते, एवढे आपण लक्षात घेत नाही.

भाऊंचे चुकले नाही असे नाही. कर्ज वाढत होते. जमीन विकून मोकळे व्हावे, असे आईचे म्हणणे. वाडवडिलांची जमीन मोडणे त्यांच्या मनाला पटेना. शेवटी घरावर जप्ती आली आणि दवंडी पिटली गेली. व्यवहार आईला अधिक कळत होता, असेच म्हणावे लागते.

आम्हां नाशिककरांचा या कहाणीशी आणखी एक संबंध आहे. साने गुरुजींनी हे पुस्तक आमच्या नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतले. गुरुवार, 9 फेब्रुवारी 1933 ला सुरुवात केली आणि सोमवार, 13 तारखेच्या पहाटे लिखाण संपवले. मला त्या कोठडीत बापलेकांची एक गाठ दिसते. भाऊही टिळकांच्या बाजूचे होते. एकदा त्यांनाही अटक झाली होती. थोड्याच दिवसांचा तो तुरुंगवास, पण घर एवढे हादरले की भाऊंनी पुढे राजकारणापासून दूर राहणेच पसंत केले. मुलाने लग्न केले नाही, संसार मांडला नाही. तो पुन्हा पुन्हा तुरुंगात जाऊ शकला. बापाच्या मागे चूल होती. त्याच्या माघारीला भित्रेपणा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

2 नोव्हेंबर 1917 रोजी यशोदाबाई गेल्या. श्याम तेव्हा शिक्षणासाठी पुण्याला होता. शेवटची भेट त्याच्या नशिबी नव्हती. भाऊ मागे उरले, डोक्यावर कर्ज आणि पदरी मुले. श्यामने सांगितलेल्या बेचाळीस रात्रींची ती कहाणी आईच्या आठवणीपाशी येऊन थांबते. भाऊंनी तिच्यावाचून काढलेल्या दिवसांना तिच्यात एकही रात्र नाही.