माकडहाड आणि त्याचे मज्जातंतू

पावसाने जोर धरला की पेडणे व डिचोली तालुक्यांतील जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. घरची बाई त्यावरून घसरते, पार्श्वभागावर आपटते आणि चारचौघांदेखत काही न झाल्यासारखी उठून चालू लागते. दुसऱ्या दिवशी मात्र तिला आदोळीवर बसून नारळ खवणे जड जाते. दुखणे कोठे आहे हे सांगण्यास ती लाजते. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटले.

कण्याच्या तळाशी तीन ते पाच, बहुधा चार, लहान मणक्यांचे हे हाड असते. आपण त्यास माकडाचे नाव दिले. प्राचीन ग्रीकांना ते कोकिळेच्या चोचीसारखे दिसले, व 'कॉक्सिक्स' हा डॉक्टरी शब्द त्यावरूनच आला.

कण्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. त्यांतील शेवटची जोडी माकडहाडाची. खुद्द मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. तेथून खालचे तंतू घोड्याच्या शेपटीसारखे लोंबत उतरतात. या शेवटच्या जोडीचे तंतू त्रिकास्थीतून येणाऱ्या खालच्या तंतूंना मिळतात, आणि त्यांच्या बारीक शाखा माकडहाडावरील त्वचेस संवेदना देतात. शिवाय मानेपासून कण्याच्या दोहों बाजूंनी तंतूंच्या दोन माळा उतरतात, त्या या हाडापुढे एकाच गाठीत मिळतात. वरच्या गाठी जोडीजोडीने, ही तेवढी एकटी! दुखणे हटतच नसेल तर डॉक्टर तिच्याजवळ बधिरतेचे औषध टोचतात.

या व्याधीस १८५९ साली नाव दिले एडिंबरोच्या डॉ. सिम्प्सन यांनी; बाळंतपणात क्लोरोफॉर्म प्रथम वापरणारे ते हेच. ती स्त्रियांत अधिक आढळते, आणि प्रसूतीच्या वेळी बाळाच्या डोक्याच्या दाबानेही जडते. बहुतेकांना काही आठवड्यांत वा महिन्यांत आराम पडतो. मागील बाजूस खाच कापलेली उशी बसताना घ्यावी. मिस्साच्या वेळी बाकावर नेली तरी त्यात संकोच कसला? जोराने चोळून 'हाड बसवून' घेणे मात्र आम्हांस मुळीच पसंत नाही.

परंतु पडल्यानंतर लघवी अडली, मांड्यांच्या आतील भाग बधिर झाला किंवा पाय लुळे पडू लागले, तर ती घोड्याची शेपटी दाबली गेली असावी. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रोग्यास बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्यावे. तेथे तासांचा हिशेब असतो.